कंचेभागुबेव संगणकाच्या तासाला

लालबागच्या कुठल्याही किराणा दुकानात गल्ल्याजवळ मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर असतो. त्यावर २ + ३ × ४ असे ओळीने दाबत गेलात, तर उत्तर २० येते. खिशातल्या मोबाइलवर तेच दाबा, १४ येते. विंडोजच्या संगणकातला कॅल्क्युलेटर उघडला, तर 'स्टँडर्ड' प्रकारात २० आणि 'सायंटिफिक' प्रकारात १४. सहावी-सातवीच्या वर्गात हे करून दाखवले की मुले आधी म्हणतात, यंत्र बिघडलेय. मग कोणीतरी विचारते, "पण मग बरोबर कोणाचं?" पदावलीचा, म्हणजे अनेक क्रिया एका ओळीत मांडलेल्या उदाहरणांचा, धडा या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे तो सुरू होतो कंचेभागुबेवपासून, आणि बहुतेक वर्गांत तिथेच संपतो.

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला हा क्रम झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. पाठांतराला माझा विरोध नाही. पाढे पाठच हवेत. पण १० − ३ + २ हे साधे उदाहरण घ्या. शब्दाबरहुकूम चालणारी मुलगी आधी बेरीज करते, ३ + २ = ५, आणि मग १० − ५ = ५. खरे उत्तर ९ आहे. वहीवर लाल फुली पडते. आपण शिकवलेला क्रम तिने तंतोतंत पाळला होता, हे तिला कोणी सांगत नाही. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून उजवीकडे येतील तशा करायच्या, ही पुरवणी सूचना तोंडी दिली जाते आणि आठवड्याभरात विसरली जाते. शब्द तेवढा उरतो.

गंमत म्हणजे याच शब्दातला 'भागु' हा तुकडा कुठेच दगा देत नाही. गुणाकार-भागाकारांची कितीही लांब साखळी घ्या, सगळे भागाकार आधी उरकले तरी उत्तर तेच येते. फक्त भागाकारांचा आपसातला क्रम डावीकडून ठेवायचा. अमेरिकेतल्या मुलांच्या सूत्रात गुणाकार आधी येतो, त्यामुळे त्यांच्याकडे २४ ÷ ४ × २ चे उत्तर १२ ऐवजी ३ काढणारी मुले सापडतात. आपली मुले तिथे वाचतात आणि 'बेव'वर पडतात. सातवीतल्या हुशार मुलीला विचारावे: भागाकार आधी केला तर चालते, बेरीज आधी केली तर चालत नाही, असे का? या एका प्रश्नात आठवडाभराचे गणित आहे. तिला तो विचारला जात नाही, कारण परीक्षेला सूत्र पुरते.

मुळात हा क्रम निसर्गाने ठरवलेला नाही. तो माणसांनी केलेला करार आहे आणि बऱ्यापैकी अलीकडचा आहे. गणितातल्या चिन्हांचा इतिहास लिहिणाऱ्या फ्लोरियन कॅजोरी यांनी १९२८ साली नोंदवले होते की, भागाकार आणि गुणाकार शेजारी आले तर आधी काय करावे यावर तेव्हाही एकमत नव्हते. पोलंडच्या यान लुकासिएविच यांनी १९२४ च्या सुमारास चिन्ह आकड्यांच्या आधी लिहायची पद्धत काढली; तिच्यात कंस लागतच नाहीत आणि अग्रक्रमाचा नियमही लागत नाही. केनेथ आयव्हर्सन यांनी रचलेली एपीएल ही संगणकभाषा सगळ्या क्रिया उजवीकडून करत येते, म्हणून तिच्यात २ × ३ + ४ म्हणजे १४. स्मॉलटॉक नावाची भाषा डावीकडून सरळ चालत जाते आणि २ + ३ × ४ ला २० म्हणते, अगदी आपल्या किराणा दुकानदाराच्या यंत्रासारखी. या सगळ्यांना गणित उत्तम येत होते. त्यांनी करार वेगळा केला, इतकेच.

मग शाळेत शिकवतो तो करार सोयीचा का? वडापाव आणि चहाचे बिल पाहा. चार वडापाव वीस रुपयांचे, दोन चहा पंधरा रुपयांचे: ४ × २० + २ × १५. इथे गुणाकार आधी धरला की कंसावाचून भागते, आणि रोजच्या व्यवहारातले बहुतेक हिशेब याच आकाराचे असतात: अमुक नग अमुक दराने, अधिक तमुक नग तमुक दराने. बीजगणितात तर सगळा कारभारच या आकारावर उभा आहे. हे कारण मुलाला कळले की क्रम लक्षात ठेवायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

आता हेच बिल साध्या कॅल्क्युलेटरवर ओळीने दाबा. ८०, मग ८२, मग १२३०. सहा पदार्थांचे बाराशे तीस रुपये! दुकानदाराचे बिल असे कधीच चुकत नाही, कारण तो ४ × २० करून 'एम प्लस' दाबतो, २ × १५ करून पुन्हा 'एम प्लस' दाबतो आणि शेवटी साठवलेली बेरीज बोलावतो. सूत्र त्याला आठवत असेल वा नसेल. हिशेबाचे तुकडे कुठे पडतात ते मात्र त्याला पक्के ठाऊक असते. त्या तुकड्यांना गणितात पदे म्हणतात.

पदांपासून सुरुवात करण्याचा विचार मुंबईतच, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, नीट तपासला गेला आहे. राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर काही वर्षे काम करून तो मांडला. त्यांचा शोधनिबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. पदावली दिसली की आधी आकडेमोड करायची नाही. आधी ती पदांत मोडायची, प्रत्येक पदाला त्याच्या आधीचे चिन्ह चिकटवून ठेवायचे. १० − ३ + २ मध्ये तीन पदे: +१०, −३, +२. आता ती कुठल्याही क्रमाने एकत्र करा, ९ च येतात. 'बेव'चा घोटाळा उगवायला जागाच उरत नाही. २ + ३ × ४ मध्ये दोन पदे आहेत, +२ आणि +३ × ४. दुसरे पद आतून गुणाकाराचे आहे, ते फोडून त्यातला तीन बाहेर काढता येत नाही. पुढे बैजिक राशी येतात तेव्हा या मुलांना सगळे नव्याने शिकावे लागत नाही. या पद्धतीला कागद आणि पेन्सिल पुरते, संगणकाची गरज नाही, हे मी मुद्दाम सांगतो. संगणकाचा आग्रह धरणाऱ्याने कागदावर काय छान जमते ते आधी मान्य करावे.

तरीही मी संगणकाचा आग्रह धरतो, आणि तो एका विशिष्ट कामासाठी. सध्या शाळांना गणितासाठी म्हणून जे विकले जाते ते बहुतांशी एकाच साच्याचे असते: एक व्हिडिओ, त्याखाली चार पर्यायांचे प्रश्न, बरोबर आले की हिरवी खूण आणि गुण, चुकले की लाल खूण आणि बरोबर उत्तर. १० − ३ + २ ला ५ लिहिणाऱ्या मुलीला हे ॲपही लाल खूणच दाखवते. तिने काय विचार केला हे वहीने विचारले नव्हते, ॲपही विचारत नाही. शिक्षक निदान शेजारी उभे राहून "आधी काय केलंस?" म्हणू शकतात. संगणक इथे घाईतला परीक्षक झाला आहे, आणि परीक्षकांची आपल्या मुलांना वाण नाही.

सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली लहान मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली तेव्हापासून त्यांचे सांगणे हेच होते: संगणकाने मुलाला हाकू नये, मुलाने संगणकाला सूचना द्याव्यात. क्रियांच्या क्रमाला हे जितके चपखल लागू पडते तितके शालेय गणितातल्या दुसऱ्या कुठल्या घटकाला पडत असेल असे मला वाटत नाही, कारण हा घटक मुळातच सूचना देण्याचा आहे. पदावली म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने करायच्या कामाचे लेखी वर्णन. माणूस समजून घेतो. मास्तर अंदाजाने बरोबर वाचतात. यंत्र लिहिले तेवढेच वाचते.

परीक्षेच्या गुणांची सरासरी हे त्याचे उत्तम उदाहरण. ७२, ६६ आणि ८१ यांची सरासरी. कागदावर मूल तिन्हींची बेरीज वर लिहिते, खाली आडवी रेघ, रेघेखाली ३. ती रेघच कंसाचे काम करते, हे त्याला कधी सांगितलेले नसते आणि सांगायची गरजही पडत नाही. एक्सेलच्या चौकटीत मात्र सगळे एका ओळीत लिहायचे असते. मूल लिहिते = ७२ + ६६ + ८१ / ३ आणि पडद्यावर येते १६५. शंभरपैकी गुणांची सरासरी एकशे पासष्ट! इथे कोणाच्या लाल खुणेची गरज नाही, उत्तरच ओरडून सांगते की काहीतरी चुकले. मग मूल शोधू लागते, की यंत्राने फक्त ८१ ला भागले, आपल्याला सगळ्यांना भागायचे होते. कंस घालते, ७३ येते. कंस कशासाठी असतात हे त्या पाच मिनिटांत जितके पक्के होते तितके 'कंस सोडवा'च्या वीस उदाहरणांनी होत नाही. त्या उदाहरणांत कंस आधीच कोणीतरी घालून ठेवलेले असतात. मुलाच्या वाट्याला ते फक्त सोडवणे येते, घालणे कधीच येत नाही.

एक्सेलमध्ये 'इव्हॅल्युएट फॉर्म्युला' नावाची एक सोय आहे, ती फार थोड्या शिक्षकांना माहीत असते. चौकटीतले सूत्र ती एकेका पायरीने सोडवून दाखवते आणि पुढची क्रिया कुठली ते त्या भागाखाली रेघ मारून सांगते. मुलांनी आधी आपापल्या वहीत रेघ मारायची, मग बटण दाबायचे. दोन रेघा जुळल्या नाहीत की चर्चा सुरू. हिशेबनिसांच्या कामाची ही सोय गणिताच्या वर्गात सोन्यासारखी आहे.

दुसरे साधन स्क्रॅच, पडद्यावरचे ठोकळे जोडून सूचना द्यायची मुलांसाठीची संगणकभाषा. २००७ पासून फुकट मिळते, जुन्या संगणकावरही चालते. त्यातले प्रत्येक क्रियेचे ठोकळे दोन खाचांचे असतात. खाचेत आकडा घाला किंवा दुसरा ठोकळा बसवा. २ + ३ × ४ करायचे तर बेरजेच्या ठोकळ्याच्या दुसऱ्या खाचेत गुणाकाराचा ठोकळा बसवावा लागतो. गुणाकारात बेरीज बसवली तर २० येते. इथे अग्रक्रमाचा नियम नाहीच. कोण कोणाच्या पोटात आहे ते डोळ्यांना दिसते. मुलाला आधी ही रचना हाताळू द्यावी आणि मग सांगावे की, हेच एका ओळीत लिहायचे म्हणून आपण कंस आणि क्रम यांचा करार केला आहे. नियम शेवटी यावा, गरज पटल्यावर.

खुद्द संगणकाच्या आतही काही कंचेभागुबेव कोरलेले नसते. त्याचा प्रोसेसर एका वेळी दोन आकड्यांवर एक क्रिया करतो. मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० साली टिफ्रॅक हा भारतात घडवलेला पहिला मोठा संगणक चालू झाला, तेव्हा त्यावर काम करणाऱ्यांना हिशेब एकेका क्रियेत मोडून द्यावा लागे: हा आकडा घे, त्याला याने गुण, ठेव, आता तो घे. सूत्र जसेच्या तसे लिहिले की यंत्राने आपण होऊन मोडून घ्यावे, ही सोय आयबीएमच्या फोर्ट्रान या संगणकभाषेने १९५७ पासून रुळवली, आणि त्यासाठी क्रियांचा क्रम कुठलीही संदिग्धता न ठेवता लिहून काढावा लागला. सहावीतले मूल पदावली सोडवताना नेमके तेच मोडण्याचे काम करत असते. आपण काय करतोय हे त्याला कळले, तर त्या कंटाळवाण्या उदाहरणांना अर्थ येतो.

यंत्रांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत, मग मुलांचा गोंधळ उडेल, हा आक्षेप मी शिक्षकांकडून नेहमी ऐकतो. गोंधळ उडतो, खरे आहे. पण तो झाकून ठेवला तर मूल पुढे एकटे असताना त्याला सामोरे जाते. एक्सेलमध्ये −३^२ लिहा (^ ही घाताची खूण), ९ येते. पायथन भाषेत तेच मांडले की −९ येते, आणि बीजगणिताचे पुस्तकही −९ च म्हणते. दहावीनंतर कॉमर्सला जाणारी मुंबईतली असंख्य मुले पुढे आयुष्यभर एक्सेल वापरणार आहेत. त्यांना हा फरक कोणी कधी दाखवायचा?

आपल्या सूत्रातल्या 'चे'चाही प्रश्न आहेच. २४ ÷ १२ चे १/३. आपल्या नियमाने आधी १२ चे १/३ म्हणजे ४, आणि उत्तर ६. कळफलकावर 'चे' नावाचे बटण नाही, म्हणून मूल गुणाकाराचे चिन्ह दाबते आणि उत्तर येते ०.६६ च्या पुढे. ८ ÷ २(२ + २) या पदावलीवरून २०१९ मध्ये जगभर जो वाद पेटला, कोणी म्हणे १६, कोणी म्हणे १, त्याची जातकुळी हीच. चिन्ह न लिहिता केलेला गुणाकार अधिक घट्ट मानायचा की नाही, यावर कॅल्क्युलेटर बनवणाऱ्यांचेही एकमत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८२ वर तो घट्ट होता, पुढच्या टीआय-८३ वर नाही. एकाच कंपनीने विचार बदलला. अशा ठिकाणी मुलांना शिकवायची गोष्ट एकच: वाचणाऱ्याला शंका येईल असे लिहू नये, कंस घालावा. आंतरराष्ट्रीय प्रमाण संस्थेने तर ÷ हे चिन्ह भागाकारासाठी वापरूच नये असे म्हटले आहे. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेत मात्र गोंधळ उडवणारी पदावली देणे हेच कौशल्य मानले जाते, आणि मुलाने ती कशी वाचली यावर त्याचे दोन गुण ठरतात. हे मला अन्यायाचे वाटते.

यंत्र हाती दिले की तोंडी हिशेब बुडेल ही भीती मी हलकी मानत नाही. म्हणून बटण दाबण्याआधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, ही अट मोडू देऊ नये. अंदाज नसेल तर संगणकाचे उत्तर बघून काही शिकता येत नाही.

राहिला साधनांचा प्रश्न. २०१५ मध्ये मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले, तेव्हा दप्तराचे ओझे कमी होईल हा त्यामागचा मोठा मुद्दा होता. ओझे कमी व्हावेच. पण पुस्तक पडद्यावर आणले म्हणजे संगणक गणितात आला असे होत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत कोडिंगची ओळख करून द्यायला सांगितले आहे. तिथेही भीती हीच, की कोडिंग हा आणखी एक वेगळा विषय होईल, त्याचे वेगळे पुस्तक, वेगळी परीक्षा, वेगळा क्लास.

मी मागतो ते याहून पुष्कळ स्वस्त आहे. अनेक शाळांत आज संगणक कक्ष आहे आणि आठवड्याला एखाददुसरी तासिकाही आहे. तिथे टायपिंग होते, चित्रे रंगवली जातात, संगणकाच्या भागांची नावे पाठ होतात. गणिताच्या बाई त्या खोलीत पाऊल ठेवत नाहीत, कारण वेळापत्रकात ती तासिका दुसऱ्याच्या नावावर असते. पदावलीचा घटक चालू असेल ते दोन-तीन आठवडे ती तासिका गणिताच्या बाईंना द्यावी, संगणक शिक्षकांनी सोबत थांबावे. सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत चालणाऱ्या, जागेची चणचण असलेल्या शाळांतही हे जमेल. एका संगणकामागे तीन मुले बसली तरी बिघडत नाही. अंदाज तिघांचे वेगळे निघतात, वाद होतो, आणि तो वाद हाच तर धडा आहे. संगणक अजिबात नसेल तर बाईंचा मोबाइल आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला कॅल्क्युलेटर एवढ्यावरही पहिला तास उत्तम होतो.

परीक्षा बदलल्याशिवाय यातले काही टिकणार नाही, हेही जाणून आहे. शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिका राज्य परीक्षा परिषद काढते. तिने 'पदावली सोडवा' या साच्यातला एक प्रश्न कमी करून त्याजागी इतके विचारावे: ८ + २ × ५ − ३ या ओळीत एकच कंस घालून कोणकोणती वेगळी उत्तरे मिळतात, आणि कंस कुठे घातला तर उत्तर मुळीच बदलत नाही? संगणकावर धडपडलेले मूल हा प्रश्न कागदावर सोडवील, आणि सोडवता सोडवता तो कंस तिथे का निरुपयोगी ठरला तेही लिहील.